गाडीतला फ्रिज तिसऱ्या रात्री बंद पडतो, दुसरी बॅटरी परत परत बसते: नवी बॅटरी घ्यायच्या आधी काय मोजायचं

इंदुरात गाडी राहण्याजोगी करून घेणाऱ्या, म्हणजे इंजिनच्या बॅटरीशिवाय फ्रिज-पंखा-दिव्यांसाठी वेगळी दुसरी बॅटरी बसवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हा प्रॉब्लेम कधी ना कधी येतो आणि दर वेळी अगदी एकाच पद्धतीने येतो. पहिली रात्र मस्त जाते. दुसऱ्या रात्री फ्रिज चालतो पण सकाळी मीटरवरचा आकडा जरा खाली दिसतो. तिसऱ्या नाहीतर चौथ्या रात्री, तीन-चारच्या सुमाराला फ्रिजचा लाल दिवा लुकलुकायला लागतो, पंखा मंद होतो, सकाळी दूध नासलेलं. घरी आल्यावर बॅटरीवाला चार्जिंगला लावतो, चेक करतो, म्हणतो बॅटरी ठीक आहे. पुढच्या ट्रिपला पुन्हा तेच.

आणि मग सगळे जे करतात ते म्हणजे मोठी बॅटरी घेतात. शंभरच्या जागी दीडशे अँपिअर-अवरची (एक अँपिअर तासभर घेतला की एक अँपिअर-अवर गेला), नाहीतर दोन शंभरच्या जोडून. त्यानं फरक एवढाच पडतो की फ्रिज तिसऱ्या रात्रीऐवजी पाचव्या रात्री बंद पडतो. आपल्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, नळाची धार बारीक असेल तर छतावर कितीही मोठी टाकी बसवा, भरायची तेवढीच भरणार, इथं नेमकं तेच चाललेलं असतं. बॅटरी लहान नसते, ती दिवसा भरतच नाही. किंवा भरलेली असते पण फ्रिजपर्यंत पोचत नाही. हे दोन वेगळे आजार आहेत, त्यांची लक्षणं सारखी दिसतात म्हणून गोंधळ होतो, आणि ते वेगळे कसे ओळखायचे हेच मला आज नीट लिहायचंय.

आधी हिशोब करू, त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. गाडीत ठेवतात तो १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना साधारण ४ अँपिअर घेतो, पण तो सतत चालत नाही, थंड झाला की थांबतो, बऱ्या हवेत निम्मा वेळ चालतो असं धरा. म्हणजे सरासरी २ अँपिअर, रात्रीच्या दहा तासांत २० अँपिअर-अवर. त्यात १२ व्होल्टचा पंखा दीड अँपिअरने आठ तास म्हणजे १२, दिवे, मोबाईल, पाण्याचा पंप मिळून आणखी ५-६. सगळं मिळून ४० च्या आत. साध्या लेड-ॲसिड बॅटरीतलं निम्मंच वापरायचं असा नियम आहे, म्हणजे शंभरच्या बॅटरीतले ५० हाताशी. पूर्ण भरलेली शंभरची बॅटरी एक रात्र आरामात काढते. म्हणून तर पहिली रात्र व्यवस्थित जाते, घरून निघताना ती चार्जरवर भरलेली असते!

आता समजा रात्री ४० गेले आणि दिवसभर गाडी चालवून फक्त २५ परत आले. शंभरचे साठ झाले, दिवसा पंच्याऐंशी, दुसऱ्या रात्रीनंतर पंचेचाळीस, दिवसा सत्तर, तिसऱ्या रात्रीनंतर तीस. झालं. फ्रिज पहाटे बंद का पडतो ते या आकड्यांत आलं. दिवसा फ्रिज गाडी चालताना जो करंट घेतो तो मी धरलेलाच नाही, तो धरला तर आणखी लवकर. आणि लेड-ॲसिड बॅटरी रोज अशी अर्धवट भरलेली राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसत जातं, बॅटरीची खरी क्षमता महिन्या-महिन्याला कमी होते, म्हणजे पहिल्या वर्षी चौथ्या रात्री येणारा प्रॉब्लेम दुसऱ्या वर्षी दुसऱ्या रात्री येतो.

मीटर लागेल. साधा मल्टीमीटर पुरतो, डीसी करंट दाखवणारा क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती चिमट्यासारखा लावायचा, मिळाला तर फार सोपं जाईल, पण घेताना डीसी दाखवतो का ते बघून घ्या, स्वस्तातले बरेच फक्त एसी करंट दाखवतात. पहिलं माप संध्याकाळी घ्यायचं, फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू असताना. एकदा दुसऱ्या बॅटरीच्या टर्मिनलवर आणि लगेच एकदा फ्रिजच्या प्लगपाशी. फ्रिज बंद पडल्यावर मोजून उपयोग नाही, कारण लोड गेला की व्होल्टेज आपोआप वर येतं आणि वाटतं बॅटरी तर चांगली आहे, बहुतेकांची फसगत इथंच होते. दोन्ही आकड्यांत पाव व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर आजार फ्रिजच्या वायरीत आहे. फरक नगण्य असेल आणि पहाटे बॅटरीच्या टर्मिनलवरच साडेअकरा-पावणेबारा दिसत असेल तर आजार चार्जिंगचा आहे. दोन्ही एकदम असू शकतात, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच गाड्यांत दोन्ही असतातच.

फ्रिजची वायर आधी घेऊ कारण ती एका दुपारीत दुरुस्त होते. गाडी सजवणारा कारागीर एलईडी पट्टीला वापरतो तीच दीड स्क्वेअरची (स्क्वेअर म्हणजे चौरस मिलिमीटर, वायरीची जाडी) वायर फ्रिजलाही ओढतो. जाऊन-येऊन ८ मीटर धरली तर तांब्याच्या दीड स्क्वेअरमध्ये ५ अँपिअरला जवळजवळ अर्धा व्होल्ट वायरीतच जातो. त्याच्या टोकाला सिगरेट लायटरचं सॉकेट. त्या सॉकेटमधला स्प्रिंग आपल्या रस्त्यांवर दोन दिवसांत ढिला होतो, संपर्क नीट राहत नाही, प्लग गरम होतो, आणि आणखी अर्धा व्होल्ट तिथं जातो. बॅटरी निम्मी भरलेली आहे, लोडखाली तिच्यावर १२ व्होल्ट आहेत, फ्रिजला मात्र ११ दिसतात. आता फ्रिजमध्ये बॅटरी वाचवायची सेटिंग असते, हाय, मीडियम, लो. हायला तो कंपनीप्रमाणे ११ च्या आसपास किंवा जरा वर बंद होतो, आणि पुन्हा चालू व्हायला त्याला बंद होतानापेक्षा साधारण व्होल्टभर जास्त लागतं, म्हणून एकदा बंद पडला की सकाळी इंजिन चालू करेपर्यंत उठतच नाही.

इथं एक सल्ला सगळीकडे मिळतो की सेटिंग लो वर टाका. तो ऐकू नका. लो वर फ्रिज चालेल हे खरं, पण लेड-ॲसिड बॅटरी दहा व्होल्टपर्यंत पिळून निघेल आणि एका सीझनमध्ये मरेल. वायर सुधारा, सेटिंग हायच ठेवा. चार स्क्वेअरची, लांब असेल तर सहाची वायर, फ्रिजसाठी स्वतंत्र, बॅटरीपासून सरळ फ्रिजपर्यंत, मधे दिव्या-पंख्यांचा जोड नको. लायटर सॉकेट काढून त्या जागी अँडरसन टाइपचा कनेक्टर लावा, तो धक्क्यानं सुटत नाही. लिथियम असेल तर मीडियम चालतं, तिला आतल्या बीएमएसचं, म्हणजे बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटचं संरक्षण असतं.

आता चार्जिंग. हा भाग मोठा आहे आणि खरा पैसा इथंच वाया जातो.

पिथमपूर आपल्या शेजारी आणि फोर्सची ट्रॅव्हलर तिथंच बनते, त्यामुळे इंदुरात कॅम्पर करायची म्हटली की पहिलं नाव ट्रॅव्हलरचं निघतं, मग विंगर, ईको वगैरे. लांब गाडीत इंजिनची बॅटरी पुढे आणि राहायची बॅटरी मागे, मधे वायर सहज सात मीटर, परतीची धरून चौदा. सहा स्क्वेअरची चांगली तांब्याची वायर घेतली तरी २५ अँपिअरला तिच्यात एक अख्खा व्होल्ट जातो. अल्टरनेटरवर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या जनरेटरवर १४.२ आहेत, मागच्या बॅटरीवर १३.२ पोचतात. ऐकायला कमी वाटतं, पण लेड-ॲसिड बॅटरी भरायला १४.४ च्या आसपास लागतात आणि १३.२ ला ती जेमतेम तग धरते, करंट आपोआप उतरतो, चार-पाच तास गाडी चालवूनही पदरात थोडंच पडतं. पंचवीस स्क्वेअरची वायर घातली तर तेवढ्याच करंटला नुकसान पाव व्होल्टवर येतं. वायर महाग आहे, मान्य, पण दुसऱ्या बॅटरीपेक्षा स्वस्त पडते आणि एकदाच घ्यावी लागते.

हे मोजायची एक सोपी युक्ती आहे. इंजिन चालू, मागची बॅटरी थोडी उतरलेली, म्हणजे करंट वाहतोय. मीटरची एक पिन पुढच्या बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी मागच्या बॅटरीच्या प्लसवर, मधे कुठलीही लांब बारीक वायर जोडून घ्या, मीटरला करंट लागत नाही त्यामुळे बारीक चालते. जो आकडा येईल तो प्लसच्या वाटेत गेलेला व्होल्टेज. मग तसंच मायनस ते मायनस. दोन्हींची बेरीज ०.३ च्या आत असेल तर वायर चांगली. मायनसचा आकडा मोठा आला तर दोष बॉडी अर्थिंगचा आहे आणि हे फार जणांचं निघतं, कारण रिंग टर्मिनल रंगावरच कसलेलं असतं. रंग खरवडून चकचकीत पत्रा काढा, दातेरी वॉशर घाला, बोल्ट कसा, वरून व्हॅसलीन नाहीतर ग्रीस. पावसाळा झाला की पुन्हा बघा.

वायर घेताना ब्लेडने एक तार खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर ती ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे, ॲम्प्लिफायरच्या स्वस्त किटमध्ये हीच येते. ॲल्युमिनियम तांब्याच्या साधारण साठ टक्केच करंट वाहतं म्हणून तिच्यावर लिहिलेल्या जाडीवर भरवसा ठेवता येत नाही, शिवाय टोकाशी दाबलं की काही महिन्यांनी सैल पडते. सियागंजात दुकानदाराला सरळ सांगा की वजनावर देणारी, पूर्ण तांब्याची, मल्टीस्ट्रँड हवी. लग, म्हणजे वायरीच्या टोकाचं टर्मिनल, दाबायला हायड्रॉलिक क्रिम्पिंग टूल असलेला माणूस शोधा, हातोडीने ठोकलेलं लग आणि नुसतं सोल्डर केलेलं टोक दोन्ही गाडीच्या थरथरीत टिकत नाहीत. सोल्डर जिथं संपतं तिथं तार कडक होऊन बरोबर तिथंच तुटते.

एवढं करूनही मागे व्होल्टेज येत नसेल, किंवा कधी येतं कधी जातं असं होत असेल, तर गाडी किती साली घेतली ते बघा. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचा बीएस-६ नियम आला आणि नंतरच्या बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरचं व्होल्टेज इंजिनचा कॉम्प्युटर ठरवतो. हायवेवर एका स्पीडला गाडी चालली आणि पुढची बॅटरी भरलेली दिसली की तो डिझेल वाचवायला व्होल्टेज १२.६-१२.८ पर्यंत उतरवतो, ब्रेक मारला किंवा उतार आला की पुन्हा वर नेतो. प्रत्येक गाडीत असं नसतं, पण तुमच्या गाडीत आहे का ते कळायला डॅशबोर्डवर छोटा डिजिटल व्होल्टमीटर लावून शेजारी बसलेल्यानं बायपासवर तासभर आकडा बघत राहिलं तरी पुरतं.

अशा गाडीत आपल्याकडे जो व्होल्टेज बघणारा रिले लावतात, व्हीएसआर म्हणतात तो, तो काहीच करू शकत नाही. तो एक आपोआप चालणारा स्विच आहे, दोन्ही बॅटऱ्या साधारण १३.३ ला जोडतो आणि १२.८ ला तोडतो. अल्टरनेटर १२.७ वर बसला की रिले तुटला, तुम्ही तीनशे किलोमीटर गाडी चालवली आणि मागे एक थेंब गेला नाही. ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणतो रिले खराब आहे, नवा लावतो, तोही तेच करतो. रिलेचा काही दोष नसतो. याला औषध एकच, डीसी-टू-डीसी चार्जर. तो आत १२.५ आले तरी बाहेर १४.४ देतो, बॅटरीच्या प्रकाराप्रमाणे टप्पे बदलतो, आणि इंजिन चालू असल्याचा सिग्नल त्याला इग्निशनच्या वायरीतून मिळतो, ती छोटी वायर बहुतेक जण जोडायची राहू देतात आणि मग चार्जर चालू-बंद होत राहतो. ३० अँपिअरचा चार्जर बाहेर ३० देताना आत ३८-४० घेतो हे ध्यानात ठेवा, म्हणजे त्याच्या आत येणारी वायर जाडच लागते, सोळा स्क्वेअर तरी. चार्जर मागच्या बॅटरीजवळ बसवायचा, पुढे इंजिनच्या उष्णतेत नाही.

लिथियम टाकलेल्यांनी तर डीसी-टू-डीसीशिवाय अल्टरनेटरला जोडूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी मिळेल तेवढा करंट ओढते, गाडी ट्रॅफिकमध्ये उभी, अल्टरनेटरचा पंखा हळू, आणि तो पूर्ण ताकदीनं काम करतोय, वाइंडिंग जळतं. लिथियमचा आणखी एक स्वभाव सांगते, तिचं व्होल्टेज बघून किती उरलीय ते कळत नाही, नव्वद टक्क्यांपासून वीसपर्यंत ती तेराच्या आसपासच असते. तिथं शंट असलेला मॉनिटर लागतो, जो आत-बाहेर गेलेले अँपिअर मोजतो. लेड-ॲसिडला मात्र व्होल्टमीटर चालतो, पण लोड काढून तासभर थांबून: १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.९ म्हणजे संपली.

स्पितीला, लडाखला जाणाऱ्यांचा एक वेगळाच फोन येतो, की सकाळी चार्जिंगच होत नाही, सोलरही नाही, इंजिनवरही नाही. लिथियम शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते, चांगला बीएमएस स्वतःच अडवतो. बिघाड नाही तो. बॅटरी गाडीच्या आत ठेवा, खाली बाहेरच्या डब्यात नको, आणि दहा वाजेपर्यंत केबिन तापू द्या.

घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी गाडीत टाकायची सवय आपल्याकडे फार आहे, कारण ती घरात असतेच. कृपा करून झोपायच्या जागेत ती ठेवू नका. ती एका जागी उभी राहायला बनवलेली आहे, आत पातळ ॲसिड असतं, घाटात कललं की सांडतं, आणि चार्ज होताना हायड्रोजन निघतो, हवेत चार टक्के झाला की ठिणगी पुरते. शिवाय ती हळूच भरते, दीडशेच्या ट्युब्युलरला १५ अँपिअरच्या आसपास चार्जिंग योग्य, म्हणजे निम्मी उतरलेली पूर्ण भरायला अख्खा दिवस. शेवटचे वीस टक्के तर कुठल्याही लेड-ॲसिडला चार-पाच तास घेतात, वायर कितीही जाड असो. म्हणून मुक्कामाला धर्मशाळा, हॉटेल, नातेवाईक, जिथं प्लग मिळेल तिथं रात्रभर चांगल्या चार्जरवर लावायची, आठवड्यातून एकदा तरी. सोलरही नेमकं या शेवटच्या टप्प्यासाठी उत्तम, गाडी उभी असताना दुपारभर हळूहळू भरत राहतं. २०० वॉटचं पॅनल छतावर आडवं असलं तर चांगल्या उन्हात दिवसाला ५० अँपिअर-अवरच्या आसपास देतं, पण झाडाखाली गाडी लावली की विसरा, पॅनलच्या एका कोपऱ्यावर सावली पडली तरी खूप घटतं.

आता वापराची बाजू, कारण कधी कधी चार्जिंग चांगलं असतं आणि फ्रिजच जास्त खात असतो. सुतार फ्रिजला सुंदर प्लायचं कपाट करून देतो, चारी बाजूंनी सनमायका, अगदी मापात. फ्रिज आतली उष्णता बाहेर टाकतो कुठं? त्याच कपाटात. मग तीच हवा पुन्हा आत, कॉम्प्रेसर थांबतच नाही, निम्म्याऐवजी ऐंशी टक्के वेळ चालतो आणि रात्रीचे २० चे ३२ होतात. मे महिन्यात निमाडात खरगोनकडे पंचेचाळीस अंश होतात, तिथं तर हे हमखास. फ्रिजच्या ज्या बाजूला जाळी आहे तिथं कपाटाला खाली आणि वर दोन्हीकडे मोठी भोकं पाडा, जमलं तर कॉम्प्युटरचा छोटा १२ व्होल्टचा पंखा लावा, तो नगण्य करंट घेतो. आणि संध्याकाळी ढाब्यावरून घेतलेल्या डझनभर कोमट पाण्याच्या बाटल्या एकदम फ्रिजमध्ये घालू नका, त्या गार करण्यातच निम्मी रात्र जाते. त्या दुपारी घाला, इंजिन चालू असताना.

इन्व्हर्टर रात्री बंद करा. फक्त मोबाईल चार्ज करायला हजार वॉटचा इन्व्हर्टर चालू ठेवला तर तो स्वतःच एक अँपिअरच्या आसपास खातो, रात्रीत दहा. म्युझिक सिस्टिमचा ॲम्प्लिफायर, जीपीएस ट्रॅकर, निळा आकडा दाखवणारी यूएसबी सॉकेटं, सगळ्यांचं मिळून किती जातं ते एकदा सगळं बंद करून क्लॅम्प मीटरनं बघा. इंडक्शनचं मनातही आणू नका, १५०० वॉट म्हणजे १२ व्होल्टवर सव्वाशे अँपिअरच्या वर. गॅसवरच पोहे करा.

फ्यूजबद्दल मला कळकळीनं सांगायचंय, कारण माणसं त्या गाडीत झोपतात. दोन्ही बॅटरींना जोडणाऱ्या वायरीला दोन फ्यूज लागतात, प्रत्येक बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत एक. एकाच टोकाला फ्यूज लावला तर दुसऱ्या बॅटरीकडून येणारा करंट कोण अडवणार? वायर मधे कुठं पत्र्याला घासली तर शेकडो अँपिअर वाहतात आणि गादीखालचं प्लाय पेटतं. फ्यूज वायरीच्या क्षमतेप्रमाणे घ्यायचा. तो वारंवार उडतोय म्हणून मोठा घालायचा नाही, का उडतोय ते शोधायचं. वायर पत्र्यातून जिथं जाते तिथं रबरी ग्रोमेट, वरून कोरुगेटेड पाईप, आणि एक्झॉस्टपासून लांब. एक मोठा हाताने फिरवायचा बॅटरी आयसोलेटर स्विच पलंगावरून हात पोचेल असा लावा.

हे सगळं एवढं मनावर घ्यायचं आणखी एक कारण आहे. आपल्याकडे निवृत्तीनंतर काका-काकू असे फिरायला निघतात, आणि त्या फ्रिजमध्ये दुधाबरोबर इन्सुलिन असतं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. वापरात असलेलं पेन बाहेर चालतं, साधारण चार आठवडे, पण ३० अंशांच्या खाली, आणि उन्हात उभ्या गाडीत तीस अंश सकाळी नऊलाच ओलांडतात. फ्रिजची बर्फाची बाजू टाळायची, इन्सुलिन एकदा गोठलं की ते टाकून द्यायचं, पुन्हा वितळवून चालत नाही. साठा फ्रिजमध्ये आणि एक पेन जाड थर्मॉसच्या डब्यात, बर्फाचं पॅक फडक्यात गुंडाळून त्याला न टेकेल असं, म्हणजे फ्रिज बंद पडला तरी सकाळपर्यंत चिंता नाही. फ्रिजमध्ये किमान-कमाल तापमान लक्षात ठेवणारं थर्मामीटर ठेवा, रात्री मधेच बंद पडून पुन्हा चालू झाला असेल तर तेच सांगेल, फ्रिजचा स्वतःचा डिस्प्ले सांगणार नाही.

दुरुस्ती झाली की लगेच कच्छ नाहीतर हिमाचल गाठू नका. मांडू किंवा महेश्वर, शंभर किलोमीटरच्या आत आहेत, तिथं सलग तीन रात्री राहा, एक रात्र पुरत नाही कारण पहिली रात्र नेहमीच पास होते. रोज सकाळी चहाच्या आधी, सगळं बंद करून, थोडं थांबून बॅटरीचा आकडा वहीत लिहा. तिन्ही दिवस आकडा जवळपास तोच राहिला तर काम झालं. रोज खाली जात असेल तर अजून कुठेतरी पाणी मुरतंय, दिवसा इंजिन चालू असताना मागच्या बॅटरीवर किती व्होल्ट आहेत ते पुन्हा मोजा. मला विचारायचं असेल तर बॅटरीची कंपनी सांगू नका, चार आकडे सांगा: इंजिन चालू असताना पुढच्या आणि मागच्या बॅटरीवर किती, आणि संध्याकाळी कॉम्प्रेसर चालू असताना बॅटरीवर आणि फ्रिजवर किती. त्यावरून नव्वद टक्के गोष्ट कळते.

उरलं एकच, खरंच बॅटरी गेलेली असणं. घरी चार्जरवर पूर्ण भरा, चार्जर काढून एक रात्र नुसती ठेवा. सकाळी १२.५ च्या खाली आली तर शंका घ्या. मग ५ अँपिअरचा कुठलाही लोड, गाडीचा ६० वॉटचा हेडलाइटचा जुना बल्ब चालतो, लावून ठेवा आणि घड्याळ बघा. शंभरच्या चांगल्या बॅटरीनं दहा तासांनंतरही लोडखाली बाराच्या आसपास राहायला हवं. चार-पाच तासांतच साडेअकराच्या खाली घसरली तर ती बॅटरी संपलीय, पाणी घालून किंवा चार्जिंग करून परत येणार नाही. वॉरंटी असेल तर हेच आकडे लिहून घेऊन जा, आणि नवी घेतलीत तर जुनीच्या जोडीला समांतर लावू नका, जुनी नवीला रोज थोडं थोडं खाली ओढत राहील.